जर्मन टोकदार शिरस्त्राण कसं वाचावं: नवशिक्या संग्राहकांसाठी पायऱ्या

काळ्या चामड्याचं हेल्मेट, कपाळावर पितळी गरुड आणि वर टोक. पिकेलहाउबे, म्हणजे हे टोकदार शिरस्त्राण, ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ते कुणाचं, कधीचं आणि किती अस्सल, हे सांगायला मात्र सवय लागते. प्रशियाने हे शिरस्त्राण १८४२ मध्ये पायदळाला दिलं. १९१६ मध्ये पोलादी हेल्मेट आघाडीवर पोहोचेपर्यंत त्याचे अनेक नमुने निघाले, आणि जर्मन साम्राज्यातल्या वेगवेगळ्या राज्यांनी त्यावर आपापली चिन्हं लावली.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. हेल्मेट म्हणजे पंधरा-वीस सुट्या भागांची जुळणी असते: कवच, दोन व्हायझर (पुढची आणि मागची झापड), कडेची धातूपट्टी, मागचा कणा, टोक आणि त्याची बैठक, बिल्ला, दोन चकत्या, हनुवटीपट्टा, अस्तर. यातले बरेच भाग काढून दुसरे लावता येतात आणि शंभर वर्षांत कुणीतरी ते केलेलं असण्याची शक्यता दाट असते. म्हणून प्रत्येक भागाला तेच तीन प्रश्न विचारायचे. कोणत्या काळातला? कोणत्या राज्यातला? शिपायाचा की अधिकाऱ्याचा? सगळ्या भागांची उत्तरं जुळली तर हेल्मेट एकसंध.

नवखा माणूस आधी समोरचा बिल्ला बघतो. तो नंतर बघा, कारण दोन मिनिटांत बदलता येणारा भाग तोच. ज्यात फेरफार करणं अवघड, तिथून सुरुवात करायची, म्हणजे आतून.

हाताशी काय ठेवायचं

दहापट भिंग, छोटा टॉर्च, लोहचुंबक, मिलिमीटरची प्लास्टिक पट्टी, मऊ ब्रश आणि नायट्राइलचे हातमोजे. सुती मोजे टाळा, ते सुटलेल्या लाखेच्या पापुद्र्यांत अडकतात. अतिनील प्रकाशाचा टॉर्च असला तर उत्तम. आजच्या बऱ्याच पांढऱ्या धाग्यांत उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, त्यामुळे ते त्या प्रकाशात निळसर पांढरे चमकतात. जुना लिननचा धागा असा चमकत नाही.

वाचन पूर्ण होईपर्यंत काहीही पुसू नका. पितळ घासणं तर नाहीच. ज्या मळावरून आणि हिरव्या गंजावरून तुम्हाला पुढे बरंच कळणार आहे, तो पॉलिशने आधी जातो. हेल्मेट उलटं करून मऊ टॉवेलच्या वेटोळ्यात ठेवा, टोक वेटोळ्याच्या पोकळीत जाऊ द्या. त्याचं वजन टोकावर येता कामा नये.

पहिली पायरी: शिक्के

मागच्या व्हायझरच्या आतल्या अंगाला, मानेकडच्या बाजूला, टॉर्च अगदी तिरपा धरा. शाईचा शिक्का पुसट असला तरी चामड्यावर उठलेला दाब तिरप्या उजेडात दिसतो. शिपायाच्या सरकारी हेल्मेटवर साधारण असा मजकूर मिळतो (आकडे रोमन असतील तिथे तसं लिहिलं आहे):

बी.ए. १४ (रोमन)
१९१२
११३ आर.
२ (रोमन) बी. ७ के.
५६

पहिली ओळ म्हणजे सैन्यकोअरचं (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यगटाचं) कपडेभांडार. जर्मन नाव बेक्लाइडुंग्सआम्ट, त्याची आद्याक्षरं बी.ए. दुसरी ओळ भांडारात जमा झाल्याचं साल. तिसरी रेजिमेंट. चौथीत बटालियन आणि कंपनी. शेवटचा आकडा डोक्याच्या घेराचा, सेंटिमीटरमध्ये. पायदळ रेजिमेंटसाठी असलेलं ‘आय’ हे अक्षर जुन्या जर्मन ठशांत ‘जे’ या अक्षरासारखं दिसतं, त्यामुळे ‘जे.आर. ७६’ वाचलंत तर ती ७६ वी पायदळ रेजिमेंट समजा. या अक्षरांच्या आधी आणखी एक आर असेल तर राखीव, एल असेल तर लांडवेअर (राखीव दलानंतरची, वयाने मोठ्या माजी सैनिकांची फळी). कंपनीसाठी जुन्या शिक्क्यांत सी असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शुद्धलेखन बदललं, तेव्हापासून के रूढ झाला.

आता गणित. पायदळ रेजिमेंटमध्ये तीन बटालियन आणि बारा कंपन्या: पहिल्या बटालियनमध्ये १ ते ४, दुसरीत ५ ते ८, तिसरीत ९ ते १२. वरच्या उदाहरणात दुसरी बटालियन आणि सातवी कंपनी आहे, म्हणजे जुळतं. ‘पहिली बटालियन, दहावी कंपनी’ असं दिसलं तर बनावट ठसा मारणाऱ्याला ही रचना ठाऊक नव्हती. असे शिक्के बाजारात खरोखर सापडतात.

दुसरी तपासणी कोअरची. १४ वा कोअर बाडेनचा, मुख्यालय कार्ल्सरूह. ११३ वी रेजिमेंट बाडेनचीच, फ्रायबुर्गची. जुळतं. १२ आणि १९ हे सॅक्सनीचे (ड्रेस्डेन, लाइपझिश), १३ वा व्युर्टेम्बर्गचा (श्टुटगार्ट). बव्हेरियाचे तीन कोअर वेगळ्याच क्रमांकाने मोजले जात. कोअर कधी उभा राहिला हेही टिपून ठेवा: १६ आणि १७ वा १८९० मध्ये, १८ आणि १९ वा १८९९ मध्ये, २० आणि २१ वा १९१२ मध्ये. विसाव्या कोअरच्या भांडाराचा शिक्का आणि साल १९०८, असं हेल्मेट खरं असू शकत नाही.

रेजिमेंट क्रमांकांचेही पट्टे आहेत. १०० ते १०८ सॅक्सनी, १०९ ते ११४ बाडेन, ११५ ते ११८ हेसे, ११९ ते १२७ व्युर्टेम्बर्ग. यापलीकडेही या राज्यांच्या काही रेजिमेंट्स होत्या (१३३, १३४, १३९ सॅक्सनीच्या, १८० व्युर्टेम्बर्गची), पण पहिल्या चाळणीला हे पट्टे पुरतात. बव्हेरियाची मोजणी इथेही स्वतंत्र, १ पासून. त्यामुळे ‘५ आर.’ वाचून लगेच प्रशियाची पाचवी ग्रेनेडिअर रेजिमेंट समजू नका.

खोडलेले शिक्के सापडले तर खुश व्हा. हेल्मेट एका तुकडीकडून दुसरीकडे गेलं की जुना मजकूर रेघ मारून रद्द करत आणि शेजारी नवा मारत. १९०९ चा रद्द शिक्का आणि बाजूला राखीव रेजिमेंटचा शिक्का, याचा अर्थ बहुधा असा की शांततेच्या काळातलं हेल्मेट भांडारात पडून होतं आणि ऑगस्ट १९१४ मध्ये राखीव तुकड्या उभ्या राहिल्या तेव्हा बाहेर निघालं. हेल्मेटचा प्रवास तिथल्या तिथे लिहिलेला असतो.

नकली शिक्का कसा कळतो? जुनी शाई चामड्याच्या तंतूत उतरलेली असते आणि तिच्यावर घाम, मळ, लाखेच्या भेगा आलेल्या असतात. भिंगाखाली भेग शिक्क्याला कापत गेलेली दिसली पाहिजे. शाई भेगेच्या आत ओघळलेली दिसली तर भेग आधीची आणि शिक्का नंतरचा.

शिक्का मुळीच नसेल तर घाबरू नका. अधिकारी आणि एक वर्षाचे स्वयंसेवक (स्वखर्चाने एकच वर्ष लष्करी सेवा करणारे तरुण) स्वतःच्या पैशाने हेल्मेट घेत. त्यात भांडाराचा शिक्का नसतो. आत बनवणाऱ्याचं किंवा दुकानाचं नाव, कधी मालकाच्या नावाची चिठ्ठी मिळते.

दुसरी पायरी: भोकं आणि सावल्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अस्तराच्या चामडी पाकळ्या बाजूला घ्या. दोरी ओढू नका, ती शंभर वर्षांची असेल तर तुटते. कवचाच्या आतून बिल्ल्याची बांधणी बघा. शिपायाच्या बिल्ल्याला मागे दोन कड्या असतात. त्या कवचातून आत येतात आणि त्यात चामड्याची पाचर ठोकलेली असते. अधिकाऱ्याच्या बिल्ल्याला आटे असलेल्या दांड्या आणि नट असतात. शिपायाच्या हेल्मेटला आट्यांचा बिल्ला, तोही आजच्या षटकोनी नटने बसवलेला, म्हणजे काहीतरी बदललं आहे.

मग भोकं मोजा. प्रत्येक राज्याचा बिल्ला वेगळ्या रुंदीचा, म्हणून कड्यांमधलं अंतरही वेगळं. दोनऐवजी चार भोकं दिसली, त्यातली दोन मेणाने किंवा काळ्या रंगाने बुजवलेली असली, तर मूळ बिल्ला गेला आणि दुसऱ्या राज्याचा आला. कड्या भोकात ताणून बसल्या असतील, भोक लांबट झालं असेल, तेही तेच सांगतं.

बाहेरून बिल्ल्याच्या कडेने तिरपा उजेड टाका. बिल्ल्याखालची लाख उजेड आणि घासण्यापासून वाचलेली असते, ती जास्त काळी आणि तकतकीत राहते. काठावर हिरवट गंजाची बारीक रेघ असते. हा आकार बिल्ल्याच्या आकाराशी तंतोतंत जुळला पाहिजे. गरुडाच्या पंखाबाहेर पानांच्या माळेची सावली डोकावत असेल, तर तुमच्यापुढे हेसेचं कवच आणि प्रशियाचा गरुड आहे. असं जोडकाम करून विकणारे नेहमीच फसवायला बसलेले असतात असं नाही. बऱ्याचदा कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी हरवलेला बिल्ला भरून काढलेला असतो. किंमत मात्र दोन्हीत पडतेच.

तिसरी पायरी: राज्य

आता बिल्ला. प्रशियाचा गरुड पंख पसरलेला, छातीवर एफआर ही राजाची आद्याक्षरं आणि अंगावर ‘ईश्वरासह, राजा आणि पितृभूमीसाठी’ या अर्थाची जर्मन फीत. गार्डच्या, म्हणजे राजाच्या खास तुकड्यांच्या, गरुडावर तारा असतो. राखीव आणि लांडवेअर बिल्ल्यांवर १८१३ साल असलेला क्रॉस. बव्हेरियात दोन सिंह ढाल धरून उभे, खाली ‘इन ट्रॉयं फेस्ट’. व्युर्टेम्बर्गात सिंह आणि हरीण. बाडेनमध्ये ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या डोक्याचा सिंह. सॅक्सनीत किरणांचा तारा. हेसेत पानांच्या माळेत सिंह.

चकत्या या तपासणीची दुसरी बाजू. हनुवटीपट्ट्याच्या खिळ्यावर दोन्हीकडे बसणाऱ्या या रंगीत गोल चकत्यांना कोकार्ड म्हणतात. प्रशिया काळा-पांढरा-काळा, बव्हेरिया पांढरा-निळा-पांढरा, सॅक्सनी पांढरा-हिरवा-पांढरा, व्युर्टेम्बर्ग काळा-लाल-काळा, बाडेन पिवळा-लाल-पिवळा. साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती २२ मार्च १८९७ रोजी, सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला आली. ती उजवीकडे गेली आणि राज्याची चकती डावीकडे. त्याआधी एकच चकती होती, उजवीकडे. म्हणून १८८० च्या दशकातलं म्हणून विकायला ठेवलेल्या हेल्मेटला दोन चकत्या असतील तर एक तर ते नंतर सुधारलं गेलं किंवा चकत्या कुणी हौसेने लावल्या.

अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर खऱ्यालाच खोटं ठरवाल. ब्रेमेन आणि हॅम्बुर्गच्या ७५ व्या आणि ७६ व्या रेजिमेंट प्रशियाच्या सैन्यात होत्या. तिथे प्रशियाचा गरुड आणि पांढऱ्यावर लाल क्रॉसची चकती हे बरोबरच आहे.

चौथी पायरी: नमुना आणि दर्जा

आकारावरून काळाचा अंदाज येतो. १८४२ चं हेल्मेट उंच, पुढचा व्हायझर कोपऱ्यांना चौकोनी. १८५७ आणि १८६० मध्ये उंची कमी झाली. १८६७ मध्ये शिपायांचा पुढचा व्हायझर गोल झाला. १८८७ नंतर पायदळाच्या शिपायाला खवल्यांच्या पितळी पट्ट्याऐवजी चामड्याचा पट्टा मिळाला आणि १८९१ मध्ये तो अडकवायचे नव्या धाटणीचे खिळे आले. बाजारात येणारी बहुतेक हेल्मेट्स १८९५ च्या किंवा १९१५ च्या नमुन्याची असतात.

बव्हेरियाने हे शिरस्त्राण १८८६ मध्ये घेतलं. तोवर तिथे लोकरी तुरा असलेलं वेगळंच हेल्मेट चालायचं. पण चौकोनी व्हायझर आणि टोकाखालची क्रॉसच्या आकाराची बैठक त्यांनी महायुद्धाच्या तोंडापर्यंत ठेवली. म्हणून बव्हेरियाचं १९१० चं चौकोनी हेल्मेट बघून ते प्रशियाचं १८६० चं समजणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

टोकाऐवजी गोळा असेल तर तोफखाना.

अधिकाऱ्याचं हेल्मेट हातात घेताच हलकं आणि रेखीव वाटतं. टोकाच्या बैठकीवर घुमटाकार रिव्हेटऐवजी चार छोटे तारे, टोकाच्या मानेला मण्यांची कडी, आत रेशमी किंवा सुती टोपीसारखं अस्तर आणि कपाळाला चामड्याची पट्टी. पुढच्या व्हायझरची खालची बाजू हिरवी, मागच्याची लाल. शिपायाच्या हेल्मेटला आत चामड्याच्या पाकळ्या दोरीने एकत्र बांधलेल्या. एक वर्षाच्या स्वयंसेवकाचं हेल्मेट मधलं: अधिकाऱ्यासारखं नाजूक काम, पण बैठकीवर तारे नाहीत.

टोक फिरवून निघालं म्हणून लगेच काही ठरवू नका. संचलनात केसांचा तुरा लावणाऱ्या तुकड्यांची आणि अधिकाऱ्यांची टोकं निघायचीच. मात्र १८९५ च्या साध्या पायदळी हेल्मेटचं टोक रिव्हेटने पक्कं असतं.

पाचवी पायरी: युद्धाची खूण

चामडं, पितळ आणि निकेल १९१४ च्या अखेरीस कमी पडू लागले. मग कवचं नमद्याची, पत्र्याची, दाबलेल्या तंतूंची निघाली. १९१५ च्या नमुन्यात पितळाऐवजी करड्या लोखंडाचे भाग आले आणि टोक थोडं फिरवून काढता येऊ लागलं, कारण खंदकाच्या काठावर ते दिसायचं. इथे लोहचुंबक लावा. करडा बिल्ला चिकटला पाहिजे, पितळी चिकटता कामा नये. १९१५ च्या कवचावर चकचकीत पितळी गरुड असेल तर बहुधा विक्रेत्याला करडा रंग आकर्षक वाटला नाही.

अगदी कोरं, शिक्क्यांचं पण न वापरलेलं १९१५ चं हेल्मेट दिसलं तर त्यामागे एक खरी गोष्ट असू शकते. कोब्लेंझच्या गोदामात सापडलेली सुमारे ८५ हजार हेल्मेट्स १९१९ मध्ये अमेरिकेत युद्धकर्जाच्या प्रचारासाठी नेली. आज अमेरिकेतून येणाऱ्या ताज्या दिसणाऱ्या हेल्मेट्सपैकी बरीच तिथली. ती अस्सल असतात, पण कुठल्याही सैनिकाच्या डोक्यावर गेलेली नसतात. त्यांना रणांगणाची कथा चिकटवून विकलं जातं तेव्हा सावध राहा.

१८९२ पासून हेल्मेटवर कापडी आवरण घालत. त्यावरचा रेजिमेंट क्रमांक आधी लाल होता, ऑगस्ट १९१४ मध्ये हिरवा झाला आणि १९१६ मध्ये गेला. क्रमांक आतल्या शिक्क्याशी ताडून पाहा. खरं आवरण दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे नकली आवरणं भरपूर आहेत. कापडावर टोकाच्या आणि बिल्ल्याच्या घासण्याच्या खुणा शोधा.

भारतात सापडलेलं हेल्मेट

ब्रिटिश भारतीय सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन ऑक्टोबर १९१४ पासून १९१५ च्या अखेरीपर्यंत फ्रान्स-फ्लँडर्समध्ये होत्या, म्हणजे चामडी हेल्मेटच्याच काळात. एखाद्या सैनिकी घराण्याच्या ट्रंकेत पिकेलहाउबे निघणं अशक्य नाही. त्या जिथे लढल्या त्या फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावासमोर मार्च १९१५ मध्ये जर्मनांचा सातवा कोअर होता, मुख्यालय म्युन्स्टर. शिक्का सातव्या कोअरचा असेल तर घरच्या आठवणीला आधार मिळतो. विसाव्या कोअरचा असेल, जो पूर्व आघाडीवर लढत होता, तर ते नंतर विकत घेतलेलं असू शकतं.

पण आपल्याकडे जास्त वेळा सापडतं ते ब्रिटिश हेल्मेट. १८७८ पासून ब्रिटिशांनीही टोकदार शिरस्त्राण घेतलं. त्याचं कवच कॉर्कचं, वर निळं किंवा पांढरं कापड, हनुवटीला साखळी, बिल्ल्यावर मुकुट. लाख लावलेलं चामडं दिसलं नाही तर तिथेच थांबा.

तिसरी शक्यता आजच्या नकलेची. यातल्या बऱ्याच भारतातच बनतात आणि नाटक-चित्रपटासाठी त्या चांगल्याच आहेत. त्यांची ओळख कापलेल्या कडेवर. मूळ चामडं सालीच्या अर्काने कमावलेलं, त्याची कड तपकिरी. क्रोमने कमावलेल्या आजच्या चामड्याची कड निळसर करडी. बिल्ला पातळ पत्र्याचा, पिसांच्या रेघा बोथट, लाख एकसारखी प्लास्टिकसारखी. भट्टीत तापवून भेगा पाडल्या असतील तर त्या सगळीकडे सारख्या दिसतात. खऱ्या भेगा वाकण्याच्या जागी, व्हायझरच्या टाक्यांजवळ आणि कडेला दाट असतात.

नाव सापडलं तर

आत सैनिकाचं नाव असेल तर अभिलेखागाराकडे वळा, पण राज्य आधी ठरवा. प्रशियाच्या सैन्याचं दफ्तर पॉट्सडॅममध्ये होतं, ते एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश जळलं. बव्हेरियाचं म्युनिकमध्ये, व्युर्टेम्बर्गचं श्टुटगार्टमध्ये, बाडेनचं कार्ल्सरूहमध्ये आणि सॅक्सनीचं ड्रेस्डेनमध्ये बऱ्याच अंशी टिकलं आहे. प्रशियाच्या सैनिकासाठी युद्धकाळात छापलेल्या हानीच्या याद्या हा उरलेला मुख्य मार्ग. त्यात नाव, गाव आणि युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांच्या याद्यांत तुकडीही मिळते, म्हणून शिक्क्यातली कंपनी आधी नीट वाचलेली असावी.

नोंद आणि ठेवणं

तपासणी संपली की फोटो काढा: समोर, दोन्ही बाजू, मागे, आतून, प्रत्येक शिक्का आणि बिल्ल्याच्या आतली बांधणी. शिक्क्याचे फोटो डावीकडून आणि उजवीकडून असे दोन्ही तिरप्या उजेडात घ्या, एकात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात निघतं. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज भरू नका.

चामड्याला तेल, मेण किंवा बुटाचं पॉलिश लावू नका. तेलाने लाखेखालचं चामडं फुगतं आणि लाख पापुद्र्यांनी सुटते, शिक्केही पसरतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात बुरशी हा मुख्य शत्रू. काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा, काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. आत आम्लरहित कागदाचे बोळे सैल भरा आणि हेल्मेट हनुवटीपट्ट्यावर टांगू नका. पट्टा आधी तुटतो, मग त्याच्या खिळ्याचं भोक फाटतं, आणि चकती हरवते ती तेव्हाच.